जयाच्या बेचाळीस रेघा

अंधेरी, ११ डिसेंबर १९६८

तीर्थस्वरूप हरेश्वरदादांस,

धाकट्या सहदेवाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता घाटी चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहे, निदान मला तसे सांगितले जाते. (तुमची भावजय नलिनी दोन दिवस माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. पाळत ठेवली आहे.)

तुम्ही विचारले होते, तुमच्या जयाच्या बास्केटबॉलमध्ये काही दम आहे, की पोरीला गावी परत न्यावे? मी गिरणीत एकवीस वर्षे कापड तपासतो. पहिले दोन वार पाहून अख्खा तागा नापास करणारा माणूस. म्हणून चार सामने वही घेऊन बसलो. जयाच्या हातून चेंडू सुटला की रेघ, जाळीत पडला की रेघेवर फुली. बेचाळीस रेघा आणि फुल्या पाच! "पोरगी नापास" असे तुम्हाला लगेच कळवलेही.

पण मला संशय वेगळाच होता. जयाचा चेंडू सारखा शुभाच्याच हातात कसा जातो? शुभा म्हणजे वेसाव्याच्या कृष्णाबाई कोळणीची उंच लेक, जाळीखाली उभी असते. आणि त्याच महिन्यात आमच्या घरी फुकट पापलेट येऊ लागले. नलिनी म्हणते, प्रेमाने देतात. दादा, प्रेमाने कोणी बोंबीलसुद्धा देत नाही. ही सरळ लाच होती. (पापलेट ताजे होते. पुराव्यादाखल मी दोन खाल्ले.)

रविवारी पाचव्या सामन्याला कृष्णाबाई मैदानावर शेजारीच बसल्या होत्या. जयाने चेंडू शुभाला दिला, शुभाने तो जाळीत टाकला आणि मी जयाच्या नावावर रेघ ओढली.

"ही कंची रेघ?" बाई म्हणाल्या.

"जयाचा चुकलेला नेम."

"चुकला कुठं? माझ्या शुभाला दिला न्हवं! अवं, त्या पोरीचं कामच द्यायचं हाय. दिलेलं पन चुकलेल्यात धरता काय तुमी?"

जया गार्ड खेळते. गार्डचे काम काय, हे मी कोणाला विचारलेच नव्हते. घरी आल्यावर जयाला जुन्या रेघा एकेक करून विचारल्या. तिला सगळ्या आठवतात! (हे मला पटेना. शुभाला वेगळे गाठून विचारले, तर तिचेही तेच.) बेचाळीसपैकी एकतीस वेळा तिने चेंडू दुसरीला दिलेला. स्वतःचे नेम अकराच, त्यात पाच आत. एवढ्यावर मी पास म्हणत नाही, पण नापासही म्हणणार नाही. आजवर दोन वारांवर किती चांगले तागे फेकले असतील, या विचाराने मला वाईट वाटते आहे.

तुमचा आज्ञाधारक,
सहदेव

ता. क. पुढच्या गुरुवारी जयाला न्यायला येता, असे तुमचे पत्र सोमवारी आले. माझे आधीचे पत्र कृपया चुलीत घाला. या जरूर, पण तिला नेऊ नका, तिचा सामना पाहा.

आणखी ता. क. नलिनी लपवत होती ते आत्ताच सापडले. पलंगाखाली जयाची ट्रंक, भरून तयार. तुमचे पत्र जयाने वाचले होते. ट्रंकेत सगळे आहे, खेळायचे कॅनव्हासचे बूट तेवढे नाहीत. ते तिने शुभाला देऊन टाकले. मी वेसाव्याला बूट परत मागायला निघालो आहे. ही रेघ वहीत कशात धरू, ते तुम्हीच सांगा.