पट्टा सैल ठेवावा

मी, खेळण्यातल्या आगगाड्यांची इंजिने दुरुस्त करून पोट भरलेला माणूस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि घातले असते तरी मी ऐकले नसते. पोटातल्या दुखण्यावर आता उपाय नाही असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. आमच्या घरात असा दाखला दोघांपैकी एकालाच मिळू शकतो, म्हणून ही लिखापढी मला एकट्याला करावी लागत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते खोटे समजावे.

१. राहते घर माझ्यामागे माझ्या पत्नीचे. ती आहे तोवर तिला तिथून कोणीही हलवू नये. 'थोडे दिवस बघू' असे म्हणूनसुद्धा नाही. हे वाक्य लेकीसाठी आहे. लेक वाईट नाही, दमली आहे.

२. बँकेत जे काही आहे ते लेकीच्या हाती द्यावे. त्यातून आईची औषधे आणि सांभाळणाऱ्या बाईंचा पगार भागवावा. उरेल ते तिचे. भांडण लागावे इतके उरणार नाही.

३. मागच्या खोलीत पत्नीच्या पलंगाभोवती रूळ मांडलेले आहेत. त्यावरचे हिरवे इंजिन आणि डबे हीच माझी खरी मालमत्ता. दिवे लागायच्या वेळेला ती कावरीबावरी होते. स्वतःच्या घरात बसून 'मला घरी सोडा हो' म्हणते, दार बडवते, बाईंना चावतेसुद्धा. गाडी सुरू केली की शांत होते. दुसऱ्या कशाने होत नाही, आम्ही सगळे करून पाहिले आहे.

इंजिनाच्या पोटात मोटरवरून चाकांकडे जाणारा रबराचा पट्टा आहे, करंगळीत अंगठीसारखा बसेल एवढा. तो मी किंचित सैल ठेवतो. त्यामुळे सुटताना तो पुलीवर जरासा घसरतो, गाडी अडखळते आणि मग चालू लागते. तिचा जीव त्या अडखळण्यात आहे. श्वास धरून बसते आणि गाडी हलली की म्हणते, "निघाली बाई एकदाची." एकदा माझ्या हातून पट्टा घट्ट बसला. गाडी ताडकन पळाली. ही म्हणाली, "कुणाची गाडी आणलीत ही?" आणि झोपेपर्यंत रडली.

हे पट्टे आता कुठे मिळत नाहीत. मी रबराची दोरी तिरकी कापून टोके चिकटवतो. डबाभर करून ठेवावेत आणि निवांत मरावे असा माझा बेत होता. केलेही. पण रबर वापरा नाहीतर ठेवून द्या, म्हातारे व्हायचे ते होतेच. डबा उघडला तेव्हा काही तडकले होते आणि बाकीचे पाघळून डांबरासारखे एकमेकांना चिकटले होते. त्या दिवशी मला दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटली. तिच्यासाठी पट्टे मागे ठेवता येत नाहीत, माणूसच ठेवावा लागेल.

४. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी त्याच्याशी बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. का, ते आता लिहून ठेवतो. हिचे विसरणे सुरू झाले तेव्हा पुढच्या खोलीत, हिच्यादेखत तो म्हणाला, "दादा, वहिनी आता गेल्यात जमा आहेत. तू स्वतःचं बघ." मी दंडाला धरून त्याला बाहेर काढले. आजही काढीन. हे मी माफ केलेले नाही आणि मेल्यावरही केले असे धरू नये.

परंतु वडिलांच्या हाताखाली आम्ही दोघे एकाच टेबलावर शिकलो. तसा दुसरा हात माझ्या माहितीत नाही. त्याची खोड एकच, सगळे आवळायचे. स्क्रू असो की बुटाची नाडी. लेकीमार्फत गाडीचे सगळे कळवून विचारले, येशील का? उत्तर आले नाही, पट्टा आला. घट्ट होता, परत पाठवला. दुसरा आला, तोही घट्ट. कपाळाला हात लावला आणि परत पाठवला. मग बरेच दिवस काही नाही. मी आशा सोडली. नंतर एक आला तो बसवला. गाडी अडखळली. ही म्हणाली, निघाली बाई एकदाची. मला उठून बाहेर जावे लागले.

म्हणून माझी हत्यारे, टेबल, भिंग आणि पत्नीच्या पश्चात हे घर धाकट्याला. लेकीची याला संमती आहे. अट एवढीच, त्याने इथे येऊन राहावे आणि गाडी चालू ठेवावी. नवा पट्टा घालण्याआधी पुलीवरचा जुना चिकटा स्पिरिटने पुसावा. पट्ट्याला तेल लागू देऊ नये. रात्री पट्टा उतरवून ठेवावा, नाहीतर त्याला वाक बसतो, दुसऱ्या दिवशी गाडी हिसके देते आणि ही घाबरते.

५. समोरच्या दंतवैद्याला माझे काहीही देऊ नये. त्याने इंजिनात नळाचा वायसर घालून वर मला सल्ला दिला होता. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार चालतो असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून सही मात्र त्याचीच घ्यावी.

६. शेवटचे धाकट्यासाठी. तू तिला आठवतोस. भाऊजी कुठे आहेत, असे ती विचारते. मी आठवत नाही. मला ती मिस्त्री म्हणते. चहा देते, "या हं पुन्हा" म्हणते. एकदा हळूच मला म्हणाली, "मिस्त्री, आमचे हे अजून कामावरून आले नाहीत. ते येईपर्यंत थांबाल का?" थांबतो म्हणालो.

मी गेल्याचे तिला कळवू नये. मिस्त्री का येत नाहीत असे विचारले तर पट्टा आणायला गेलेत म्हणावे. आमचे हे आले का असे विचारले तर, धाकट्या, येतील म्हण आणि ते येईपर्यंत थांब.

स्थळ: मागची खोली, रुळांशेजारी
दिनांक: आज, बुधवार, डॉक्टर तपासून गेल्यावर

सही: दादा (पत्नीच्या लेखी मिस्त्री)

साक्षीदार:
१. समोरचा दंतवैद्य (कलम ५ वाचून सही केली)
२. सांभाळणाऱ्या बाई