चार भोकं आणि एक दांडी

ती. ताईस सादर नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे. का, ते पुढे येईल.) तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला यांची काळजी आई इथे बसून रोज करते, म्हणून मी वेगळी विचारपूस करत नाही. आई बरी आहे. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, शनिवारी ती घरी आली, आणि माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद तिला आली आहे. तरी पत्र लांबणार, कारण गेला आठवडा माझा जीव टांगणीला लागला होता.

आईला सोडायच्या आधी डॉक्टरांनी बजावलं की बाथरूममध्ये धरायला दांडी हवी, आणि ती तिचा सगळा भार पेलणारी हवी. सुताराने बारा दिवसांनंतरची वेळ दिली. आई पाच दिवसांनी येणार होती. तेव्हा आईच्या आणि नर्सच्या देखत मी म्हणून बसलो, "त्यात काय, मी बसवतो." ताई, मी जन्मभर छापखान्यात लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. घरात कॅलेंडर बदललं, पण खिळा तोच ठेवला.

हत्यारांच्या दुकानात मी म्हणालो, एक ड्रिल द्या. दुकानदाराने विचारलं, तारेचं की बॅटरीचं? साधं की हॅमरवालं, म्हणजे ठोके देत फिरणारं? भिंत विटांची की काँक्रीटची? (त्या घरात मी एकोणीस वर्षं राहतो. पण भिंत कसली आहे हे तिला विचारायचा प्रसंग कधी आला नव्हता.) मी घरी परत गेलो, सगळ्या भिंतींवर टकटक केली आणि काहीही न कळता पुन्हा दुकानात आलो. तोवर तिथे एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन जमले होते, आणि माझ्या ड्रिलवरून त्या दोघांची जुंपली. इलेक्ट्रिशियन बॅटरीच्या बाजूचा, कारण तार पायात येते. प्लंबर म्हणाला, "साहेब, तुम्ही वर्षातून चार भोकं पाडणार. बॅटरी नेमकी त्या दिवशी मेलेली असते." हे मला पटलं, माझ्या ओळखीच्या सगळ्याच गोष्टी नेमक्या त्या दिवशी मरतात. शेवटी मध्यम ताकदीचं, तारेचं, हॅमर बटणाने चालू-बंद होणारं घेतलं. टाइल फुटू नये म्हणून भाल्याच्या टोकाचं वेगळं पातं घेतलं, आणि प्लंबरने माझ्याकडून दोनदा घोकून घेतलं की टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद, मग चालू.

खोकं दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होतं. मी माहितीपुस्तिका वाचत होतो. (तीत चौदा चुका आहेत. "हात कोरडे ठेवा" ऐवजी "हात कोरडे ठेवू नका" छापलंय. अशा कंपनीवर विश्वास कसा ठेवायचा?) तिसऱ्या दिवशी हिने खोकं उघडून ड्रिल माझ्या हातात दिलं आणि बाल्कनीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भोक पडलं! इतका आवाज, इतकी धूळ, आणि मधोमध एक गोल, स्वच्छ भोक. मी त्यात बराच वेळ बोट घालून उभा होतो.

बाथरूमचं मात्र वेगळं. भिंतीतून पाण्याचा पाइप कुठून गेलाय हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा खबरदारी म्हणून मी गच्चीवर जाऊन आमचा पाण्याचा कॉक बंद केला. तो आमचा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या डोक्याला तेव्हा साबण होता. खाली टाइलवर चिकटपट्टी लावून (म्हणजे पातं घसरत नाही) खुणा केल्या गेल्या, भोकं पाडली गेली, दांडी स्क्रूने आवळली गेली, आणि पाइपला धक्का लागला नाही. तेवढ्यात दारावर थाप पडली. बाईंचे यजमान. अंगाने तालमीतले, चेहऱ्याने रागावलेले. मी माफी मागायच्या ऐवजी त्यांना विचारलं, "आपलं वजन किती?" त्यांना वाटलं, मी मारामारीची तयारी करतोय. मग मी आईचं सांगितलं. ते चप्पल काढून बाथरूममध्ये आले आणि दांडीला धरून सगळा भार टाकून लोंबकळले. दांडी हलली नाही. मग म्हणाले, आता तुम्ही. त्यात माझी कंबर गेली. कॉक त्यांनीच उघडला.

शनिवारी आई आली. दांडी तिने आधी बोटाने, मग मुठीने चाचपली, आणि म्हणाली, "तू बाहेर थांब." मी बाहेर थांबलो. आतून कडी लागली. ताई, ती अकरा मिनिटं मी मोजली. पाण्याचा आवाज थांबला, की माझा श्वास थांबायचा. मग आतूनच ती ओरडली, "दाराला चिकटून उभा राहू नकोस, सावली दिसते!" मी स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसलो आणि रडलो. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र हिने वाचलं. "भोकं पाडली गेली" या वाक्यात कर्ता नाही, अशी तिची तक्रार आहे. चारपैकी तीन भोकं तिने पाडली. माझं चौथं भोक वाकडं गेलं. ते आता साबणदाणीमागे आहे, आणि त्याच्याऐवजी दांडीला लागलेलं भोकही तिचंच.

ता. क. २. हे मात्र ही झोपल्यावर दुपारी लिहितोय. आई पडली ती चक्कर येऊन नाही, ओल्या फरशीवरून घसरून. फरशी मी साबणाने धूत होतो, छापखान्यातून फोन आला, आणि मी ती तशीच सोडून गेलो. आईला माहीत आहे. हॉस्पिटलात सगळ्यांना तिने सांगितलं, चक्कर आली. तिच्यासमोर हा विषय काढायची माझी हिंमत होत नाही. तू चार दिवस येशील का? तू खोलीत बसलीस, की मी सांगेन.