खोडलेलं रीडिंग

मंगळवार, संध्याकाळ. होस्टेल, अमरावती.

थकले आज. हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला तीन तास उभी होते. नळीतून गरम पाणी सोडायचं, बाहेरून थंड, आणि उष्णता किती जाते ते काढायचं. माझं उत्तर पुस्तकातल्याच्या निम्मंच. तीनदा रीडिंग घेतलं, तीनदा तेच. सर म्हणाले, "मागच्या वर्षीचं जर्नल बघ." बघितलं. पेन्सिलीतले माझे आकडे खोडले, सीनियरचे उतरवले, सही मिळाली. एवढं सोपं.

मग अकोटकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या-जड पाण्याच्या गावाहून आईचा फोन.

"आवाज असा काहून येऊन राहिला वो?"

म्हटलं, पाणी पाहिजे तसं तापतच नाही इथल्या मशीनवर.

"नळी आतून पाहिली का? आपल्या पातेल्यात कसा पांढरा थर बसते. घासला नाही त पानी लवकर तापते का?"

कॉलेजातही तसलंच बोअरचं पाणी आहे. त्या पांढऱ्या थरावर पुस्तकात अख्खा भाग आहे, मी पिवळ्या पेनाने रंगवलेला. पाठ आहे मला. आणि लहानपणापासून दर रविवारी आईला तोच थर विटेच्या तुकड्याने खरवडताना पाहिलंय. तरी नळी उघडून बघावी असं एकदाही डोक्यात आलं नाही? शिकते काय मी?

आत्ता जर्नल दिव्यासमोर धरलं. खोडलेले आकडे अजून पुसट दिसतात. नळीत थर असेल, तर बरोबर होते ते. त्यांच्यावर सीनियरचे आकडे, आणि खाली सरांची सही.