शेवटच्या रांगेतून दिसणारी भिंत

अहो,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. गोळ्या वेळेवर घेताय ना?

लेकीने नोकरी सोडून नाटकाचे पडदे रंगवायला घेतले, ते काम आज पाहिलं. जमिनीवर पसरलेल्या कापडावर ती लांब काठीला बांधलेल्या ब्रशने उभ्याउभ्या भिंत रंगवते. मी म्हटलं, "ही भिंत आहे की फरशीचं फडकं?"

"आई, शेवटच्या रांगेत जाऊन बस."

पडदा वर चढला. तिथून पाहिलं, तर हुबेहूब ओल आलेली भिंत!

लेकीला कामावर कायम ठेवायचं की नाही, हे मुख्य रंगारी उद्या त्याच रांगेत बसून ठरवणार. पोरगी जेवत नाही. घास माझ्याही घशाखाली उतरत नाही, पण तिला दाखवत नाही.

तुम्ही तिच्या जुन्या साहेबांना तिला परत नोकरीवर घेण्याचं विचारणार होतात. एवढ्यात विचारू नका. काळजीही करू नका. ती मी करते आहे.

तुमची,
सौ.