थांबा म्हणायचं बटण

प्रिय सृष्टी,

दिवाळीला तू ठेवून गेलेला टॅब मी अजून खाली ठेवलेला नाही. तुझी आई म्हणते, फौजेतला रिटायर हवालदार परत ड्युटीवर लागला. हेलिकॉप्टर उडण्याआधीच्या तपासणीची, तू त्यात बनवलेली यादी रोज उघडून बसतो आणि विचार करतो, बरोबरची खूण करायला बोट इतकं सहज कसं चालतं? परवा सांगलीला हळद आणायला निघताना तुझ्या आईवरच प्रयोग केला. गॅस बंद? व्हय. मागचं दार? व्हय. हत्ती बांधला? व्हय. पेठ नाक्यावर तिला हत्ती आठवला, आणि मग सांगलीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

यादीत काय कमी आहे, असं तू विचारलं होतंस. हाताखालच्या जवानाला काही खटकलं तर 'थांबा' दाबायची सोय तू केलीस, हे झकास. पण ते आधी त्याच्या वरिष्ठाच्या मंजुरीला का जातं? माण तालुक्यातला धुळा माझ्या हाताखाली होता, मला मामा म्हणायचा. आपल्याकडची पोरं मामाला तोंडावर 'चुकलं' म्हणत नाहीत, वर्दी अंगावर असली तरी. पुढचं तुला पाठ आहे. तेलाच्या टाकीचं झाकण सैल राहिलं, हेलिकॉप्टर शेतात उतरवावं लागलं, वैमानिक थोडक्यात वाचले, धुळाची बढती कायमची थांबली. घरात कोणी काही विसरलं की आपण त्याचंच नाव घेऊन हसायचो.

धुळा विसरला नव्हता गं. झाकण मी लावलं होतं. तो जवळ येऊन म्हणाला, "मामा, झाकण येकदा बगू का? मला जरा ढिलं वाटतंय." चारचौघांत म्हणाला, म्हणून मला राग आला. त्याला गप्प केलं आणि यादीवर सही करायला लावली. चौकशीत विचारलं, तेव्हा मला कोणी काही सांगितलं नाही म्हणालो. त्याने तिथेही मला खोटं पाडलं नाही. सतरा वर्षं झाली, मला लाज वाटते. उद्या दहिवडीला त्याच्या घरी जाऊन हे कबूल करणार आहे. तू खुशाल रागाव, पण यादी युनिटांत जायच्या आधी ती मंजुरी तेवढी काढून टाक. त्या दिवशी धुळाने तुझं बटण दाबलं असतं, तर ते माझ्याकडेच आलं असतं, आणि मी मंजुरी दिली नसती.

तुझाच,
आबा