पाकिटावरचं नाव

दौंड, रविवार

वहिनी, नमस्कार.

तुम्ही दिवाळीत दिलेलं पुस्तक तीनदा वाचून झालं. बायकांच्या हक्कांवरचं आहे म्हणून आधी हसू आलं होतं. वाटलं, हे मला कुणी काय शिकवायचं? माझ्या लग्नात सासरच्यांनी नाव बदलायला तांदळाचं ताट आणलं, ते मी परत पाठवलं. अंकिता होते, अंकिताच राहिले. हे मी दहाजणींना तरी ऐकवलंय.

पुस्तकात एके ठिकाणी विचारलंय, तुमच्या घरात आलेल्या बाईकडून तुम्ही स्वतः काय काढून घेतलंत? मी पान उलटलं. मग परत मागे आले.

मल्हारदादाच्या लग्नात 'मानसी' हे नाव मीच सुचवलं होतं. दादा अंगठीनं तांदळात ते लिहायला लागला, तेव्हा तुम्ही मला हळूच म्हणालात, "माझं हाय तेच राहू द्या की."

मी म्हणाले, "व्हईल सवय." आणि टाळ्या वाजवल्या.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात आहे: करिश्मा, पाबळ. बारा वर्षांत ते तुमचं माहेरचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं.

माफी मागत नाही. तुम्ही लगेच 'जाऊ द्या' म्हणाल आणि मी मोकळी होईन.

पाकीट आणून ठेवलंय. त्यावर मानसी लिहायला हात धजत नाही. करिश्मा लिहिलं, तर कवठ्यात आपली आईच पोस्टमनला सांगेल, "अशी कुणी बाई आमच्यात न्हाई."

तुमची नणंद,
अंकिता