चष्म्यातला डावा हात

प्रिय चिमणे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन बाबांच्या उशाशी असतो आणि माझा आवाज तुला माहीतच आहे, कुजबुजले तरी शेजारी ऐकू जातं. म्हणून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

मी पाठवलेला व्हिडिओ पाहून तू घरभर नाचलीस म्हणे. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा डावा हात नुसता मांडीवर पडून असायचा, आणि इस्पितळात डोळ्यांवर तो मोठा व्हीआरचा चष्मा चढवला की त्याच हाताने ते झाडावरची फळं तोडून टोपलीत टाकायला लागले. ते त्यांना आत दिसतं, आम्हाला समोरच्या पडद्यावर. मी तर बाई टाळ्या पिटल्या. व्यायाम करून घेणारी फिजिओ मुलगी गोड आहे. बाबा तिला सांगतात, तुझ्या केसांची कुणी पार वाट लावलीय, मी बरा झालो की नीट कापून देतो. बरं व्हायचं आणि सलून उघडायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. हाताखालच्या कारागिराने दुकान चालवायला मागितलं, तर त्याला फाडकन नाही म्हणाले.

मग एक दिवस त्या मुलीने मला बाहेर नेऊन समजावलं. हात चार बोटं हलला तरी चष्म्यात तो हातभर हललेला दिसतो. माणसाला हुरूप यावा म्हणून मुद्दाम तसं ठेवतात. बाबांना तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण तेव्हा त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. खरा हात तेवढा उचलला जाईल का, हे तिलाही सांगता येईना. घरी येऊन गप्प बसले. मी आणि गप्प, विचार कर.

काल दुपारी त्यांनी मला स्टुलावर बसवलं. लग्न झाल्यापासून माझ्या केसांची टोकं तेच कापतात. उजव्या हातात कात्री, डाव्यात कंगवा. कंगवा पडला. मी उचलून दिला. परत पडला. मी आपली बडबडत राहिले, मेला कंगवाच गुळगुळीत आहे म्हणून. तेव्हा ते म्हणाले, पुरे गं. जन्मभर कंगवा धरलाय, माझा हात कुठला आणि मशीनचा कुठला एवढं कळतं मला. टाळ्या वाजवताना तुझं तोंड इतकं फुललेलं असायचं, म्हणून बोललो नाही. मग आम्ही दोघंही रडलो. माझे केस एका बाजूने कापलेले, ते तसेच आहेत.

चष्मा काही बंद केलेला नाही. शर्टाची बटणं लावण्याइतका हात परत येईल असं ती मुलगी म्हणते, आणि तेही थोडं नाही. पण दुकानाची किल्ली आज सकाळी त्यांनी कारागिराला बोलावून देऊन टाकली. हे तुला सांगायची त्यांची हिंमत होत नाही. दर फोनला तू विचारतेस, बाबा, दुकान कधी उघडताय, आणि ते हसून म्हणतात, लवकरच. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तेवढं आता विचारू नकोस, बाळा. रडायचं ते तिथेच रडून घे आणि मग फोन कर.

तुझीच वटवटी,
आई